टाच आधी

सर तीन दिवस आले नाहीत.
चौथ्या दिवशी करावे गावच्या तळ्याशी
आम्ही अकरा बायका,
हात वर करावेत की घरी जावं या विचारात उभ्या.
कोणीतरी म्हणालं, मोजणारं कोणी असतं तर.
मी मोजायला लागले.
एवढंच. ठरवलं काही नव्हतं.

मोजणं येत होतं मला.
आईच्या टोपलीतल्या चिंबोऱ्या मोजत वाढले,
नांग्या बांधलेल्या, पाचाचा एक वाटा,
गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी आकडा हलू द्यायचा नाही.
आता समोर खांदे होते, गुडघे होते,
वनिता मढवीचं सिझरनंतर सैल पडलेलं पोट होतं,
आणि मी सोळावर पोचले तरी
कोणी थांबलं नाही.

बूट मुलाचे, जुने, पुढे कागद कोंबलेले.
नवरा म्हणाला, मास्तरीण झालीस काय?
आणि हसला.
दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला
गेटची कडी आधीच काढलेली होती.
त्यावर आम्ही दोघं अजून काही बोललेलो नाही.

परीक्षा ठाण्याला.
स्नायूंची नावं मी पेनाने मांडीवर लिहिली, पोटरीवर लिहिली,
साडीखाली कोण बघतंय?
भाकरी थापताना क्वाड्रिसेप्स,
ताट वाढताना हॅमस्ट्रिंग,
सासऱ्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी झालंय हिला.
लेखी सुटलं. प्रात्यक्षिकात नापास.
शेरा : आवाज पोचत नाही.

आवाज!
चौथीपासून ज्या मुलीला सगळे हळू बोल, हळू बोल सांगत आले
तिला आता चारशे रुपये भरून कळलं
की तो कमी पडतो.

तो कागद घेऊन मी खाडीच्या बांधावर गेले.
समोर ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी, शेकड्यांनी,
एका पायावर.
ओरडले, खांदे मागे!
एकही हलला नाही.
पोट आत! श्वास सोडा!
एकाने पाय बदलला फक्त,
तोही बहुतेक स्वतःच्या सोयीने.
रोज जात राहिले.
ज्या दिवशी अख्खा थवा उठला
त्या दिवशी मला वाईट वाटलं,
आणि दुसऱ्या खेपेचा फॉर्म भरला.

हौसाबाय भोईर तेव्हा बदामाच्या झाडामागून बघायची.
लुगडं, तोंडात मिश्री, वय विचारलं की म्हणायची लिवलेला नाय.
एकोणीस दिवस झाडामागे.
विसाव्या दिवशी पुढे आली आणि म्हणाली,
माजा गुडघा माजा ऐकत नाय.

पुस्तकातलं सगळं करून पाहिलं.
बसली की उठेना, उठली की बसेना.
मग आठवली आई,
मांडीएवढ्या चिखलातून निवट्या धरून परत येणारी,
माझा रुतलेला पाय बघून वैतागलेली :
ओढू नको गो, टाच आधी काढ, मंग पंजा.
चिखलाला घाई कललेली आवरत नाय.

तेच सांगितलं हौसाबायला.
टाच आधी. वजन मागे. घाई नको.
कट्ट्यावरून ती हाताचा आधार न घेता उठली,
माझ्याकडे नाही बघितलं,
कट्ट्याकडे बघितलं, जणू त्यानेच काही लबाडी केली.
पुन्हा बसली. पुन्हा उठली.
मी मोजायचं विसरले.

महिना दोनशे रुपये, जिला जमेल तिने.
कोणी कोलीम आणून देते, कोणी पुढच्या महिन्यावर ढकलते.
पालिकेच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात
मी पहिल्यांदा गृहिणी लिहिलं, सवयीने,
मग खोडलं. खाडाखोड चालत नाही म्हणाले,
नवा फॉर्म घ्या. घेतला.

सर पाच महिन्यांनी आले.
शिट्टी गळ्यात, कुठल्या तरी सोसायटीत जास्त मिळत होते म्हणे,
आता तिथं मशिनं आली.
आमच्या चौतीस बायका बघून
गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभे राहिले.
वनिताने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मी म्हणाले, सर, मागच्या रांगेत जागा आहे.
बूट घट्ट बांधा.
डाव्या पायाने सुरुवात,
टाच आधी.